चौदा खोकी रंग

माझ्या हातून आयुष्यात एकच कारखाना सुरू झाला, आणि तो सहाव्या दिवशी फुटला. फुटला म्हणजे खरोखरच फुटला, बुचं उडाली. आमच्या घरात ही हकीकत इतक्या वेळा सांगून झाली आहे की मुलं मला मधेच थांबवून पुढचं वाक्य स्वतःच म्हणतात, आणि ते माझ्या वाक्यापेक्षा बरं असतं. जावई नवे होते तेव्हा त्यांनी एकदा मान डोलावत पूर्ण ऐकून घेतली. पुढे तेही शहाणे झाले. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावी. कागद निदान मधे बोलत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. पिंपरीला आम्ही नवे होतो, आणि आमच्याइतकंच सगळं नवं होतं. बुरशीपासून इंजेक्शनं तयार करणारा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि त्याच्या मागच्या माळावर आम्हा नोकरदारांच्या क्वार्टरांच्या रांगा. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. झाडं म्हणाल तर बाभळी. आमच्या रांगेत कोणी नगरकडचं, कोणी कोकणातलं, कोणी पार मराठवाड्यातलं, आम्ही साताऱ्याकडचे. मी कारखान्यात काय करत होतो हे आधीच सांगून टाकतो, कारण माझे वडील गावी सगळ्यांना सांगत की पोरगा औषधं बनवतो. मी बाटल्या मोजत होतो. त्याही रिकाम्या. आल्या किती, भरायला गेल्या किती, टवके उडाले म्हणून बाजूला काढल्या किती. पण खात्याने मला पांढरा कोट दिला होता, आणि कोट अंगात गेला की माणसाला आतून थोडं शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटतं. मी तो रविवारी चिंचवडच्या बाजारालाही घालून जात असे. भाजीवाल्या मला मेथीची जुडी जरा मोठी देत, असा माझा समज होता.

आमची ही व्हर्नाक्युलर फायनल पास होती. सातवीनंतर तिच्या घरच्यांनी आणि मग माझ्या घरच्यांनी ते शिक्षण नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. पिंपरीला आल्यावर तिने ते बाहेर काढलं. आमच्या रांगेच्या टोकाचं एक क्वार्टर रिकामं होतं. कॉलनीच्या कमिटीला विचारून तिने तिथे बालवाडी सुरू केली. चौदा मुलं, तीन ते सहा वर्षांची. दहा आमच्या रांगांतली, त्यात एक आमची लेक; दोन पिंपरी गावठाणातली, शेतकऱ्यांच्या घरची; आणि दोन रुळांपलीकडच्या निर्वासितांच्या कँपातली, ज्यांचं बोलणं पहिला महिना कोणालाच कळलं नाही आणि त्यामुळे कोणाचं काही अडलंही नाही. ती खोली आमच्या दारापासून पन्नास पावलांवर होती. तरी ही सकाळी धुतलेलं पातळ नेसून, डोक्याला तेल लावून, दाराला कडी घालून निघे. लग्नाला पाच वर्षं झाली होती. कुठेतरी निघालेली अशी मी तिला प्रथमच पाहत होतो.

पण ती खोली कायमची नव्हती. कमिटीने ती संक्रांतीपर्यंत दिली होती, कारण तिच्यावर कॅरमवाल्यांचाही डोळा होता. त्यांचे पुढारी म्हणजे आमचे शेजारी, कारखान्यातले टाइमकीपर. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या पाळीहून सुटलेल्या माणसांनी घटकाभर बसायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न खराच होता. ते हिला म्हणाले, "वहिनी, पोरं गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात आणि घरी येऊन झोपतात. आम्हाला दिसतंय काय? कॅरममध्ये निदान जिंकलं कोण ते तरी दिसतं." आयांचंही थोडंफार असंच म्हणणं होतं. मग ठरलं असं की संक्रांतीच्या दिवशी कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर पुण्याहून येतील, स्वतः बघतील. मुलं काही शिकली असं दिसलं तर खोली बालवाडीची. नाही दिसलं तर कॅरमची. आमच्या क्वार्टरात एक खोली आणि एक स्वयंपाकघर. तिथे चौदा मुलं मावणं शक्य नव्हतं. खोली गेली की बालवाडी गेली, हे हिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि टाइमकीपरांना तर फारच माहीत होतं.

हिने ठरवलं की मुलांनी चित्रं काढायची. पाट्यांवर पेन्सिलीने रेघा ओढून झाल्या होत्या. आता रंग हवे. आणि रंगही शाळेचे म्हणून कपाटात नकोत, प्रत्येकाला आपले आपले हवेत. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला येतात तेव्हा त्यांना फणी, आरसा, कुंकवाची पुडी असं वाण लुटतात. यंदा आपण पोरांना वाण लुटायचं, ही म्हणाली. प्रत्येकाला एक खोकं: रंग, कुंचला, कागद. सकाळी खोकी वाटायची, दुपारी साहेबांसमोर चित्रं. पुण्याला जाऊन चौदा पेट्या आणणं आमच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून तिने मला एवढंच विचारलं होतं की निदान दोन पेट्या आणता येतील का, मुलं आळीपाळीने वापरतील.

यावर माझ्यासारख्या माणसाने गप्प बसून दोन पेट्या आणायच्या. पण मी नुकताच कामावरून आलो होतो आणि अंगात कोट होता. मी म्हणालो, "विकत कशाला? रंग म्हणजे काय असतं एवढं? मी करतो चौदाच्या चौदा."

तिने आधी कोटाकडे बघितलं. मग म्हणाली, "मी मुलांना सांगू का मग?" मी म्हटलं, सांग. तिने दुसऱ्या दिवशी सांगितलंही. चौदा मुलांनी आपापल्या घरी सांगितलं. आता माघार नव्हती.

खोक्यांवर नंबर घालणारा एक पेंटर आमच्या खात्यात येत असे, त्याच्याकडून मी कृती काढून घेतली. तो म्हणाला, रंगाची पूड आणि खळ. ही कृती त्याच्या कामापुरती बरोबर होती, कारण त्याचा रंग त्याच दिवशी संपत असे. मी चिंचवडच्या दुकानातून गेरू आणला, पिवळ्यासाठी पिवडी आणली, कपड्याची नीळ आणली. काजळ घरचं. पांढऱ्यासाठी खडू कुटले. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि रंग चिकट व्हावा म्हणून तिच्यात गूळ घातला. गुळाची कल्पना माझी स्वतःची. ती मी बरेच दिवस लपवून ठेवली होती, पण आता सांगायला हरकत नाही.

खरी करामत पुढे होती. टवका उडालेल्या बाटल्या आमच्याकडे टोपल्यांनी फेकल्या जात. मी साहेबांची रीतसर चिठ्ठी घेऊन, गेटवर दाखवून, त्यातल्या सत्तर घरी आणल्या. प्रत्येक मुलाला पाच रंग, चौदा पंचे सत्तर. इंजेक्शनच्या असतात तशा बोटभर बाटल्या, वर रबरी बूच. पिंपरीत तेव्हा आम्हा सगळ्यांचाच एक ठाम समज होता की रबरी बुचाच्या बाटलीत घातलेली वस्तू कधी नासत नाही. नासेल कशी, आपल्या कारखान्याची बाटली आहे. शेजारच्या एका बाईंनी तर त्यात तूप भरून माहेरी पाठवलं होतं. मी सत्तर बाटल्या भरल्या, बुचं अंगठ्याने गच्च दाबली, लेबलं चिकटवली, लेबलांवर बॅच नंबर घातला आणि थंडीने खळ घट्ट होऊ नये म्हणून ओळीने चुलीवरच्या फळीवर उबेला मांडल्या. काय दिसत होत्या म्हणून सांगू. टाइमकीपर साखर मागायला आले होते, ते फळीकडे बघून म्हणाले, "राव, तुम्ही तर ब्रँचच काढलीत." मी त्यांना साखर जरा जास्तच दिली.

कुंचल्यांचंही मीच करतो म्हणालो होतो. त्यासाठी माझा दाढीचा ब्रश कापला. त्याचे तीन कुंचले झाले, आणि तिघांचेही केस दोन दिवसांत गळाले. आज माझ्या डोक्याचं जे चाललं आहे तेच. पुढे महिनाभर मी हाताने फेस करत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी, रविवार होता, आम्ही जेवायला बसलो होतो. आमटी वाढून झाली आणि फळीवरून पहिलं बूच उडालं. ते लेकीच्या ताटात भातावर येऊन बसलं. तिला वाटलं हा खेळ आहे आणि तिने दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं. तिची निराशा झाली नाही. एकामागून एक अशी नऊ-दहा उडाली. आंबूस वास सुटला. मी उठून बघितलं तर निळीच्या बाटल्यांतून फेस येत होता, आणि ज्यांची बुचं जागेवर होती त्यांच्यातही रंगावर मऊ हिरवी-करडी लव आली होती. खडूच्या पांढऱ्यात तर ती इतकी छान उगवली होती की दुसऱ्या कुठल्या प्रसंगी मी कौतुक केलं असतं.

हिने एक बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली आणि जेवायला बसली. संक्रांत सहा दिवसांवर होती. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं की वरची वर काढून टाकू, खालचा रंग चांगला असेल. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

सोमवारी मी एक बाटली खिशात घालून आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. हे खरे शास्त्रज्ञ. रोज सकाळच्या गाडीने पुण्याहून येत आणि कधीकधी कोट घालायचाच विसरत. त्यांनी बाटली उघडली, वास घेतला, मी काय काय घातलं ते विचारलं. पीठ, मी म्हणालो. आणि? थोडा गूळ. ठेवली कुठे होती? चुलीवर, उबेला. ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना जे हसू आलं ते आवरायला त्यांना चष्मा काढावा लागला.

"अहो," ते म्हणाले, "खाली त्या एवढ्या मोठ्या टाक्यांत आम्ही काय करतो? बुरशीला खायला घालतो, साखर देतो, ऊब देतो. शंभर माणसं लागतात. तुम्ही एकट्याने केलंत."

मला क्षणभर आशा वाटली. मी विचारलं, म्हणजे हिच्यापासून औषध होईल का? नाही, ते म्हणाले, ही त्या बुरशीची लांबची चुलती असावी; आणि फेस आला तो आंबल्यामुळे. यातून झालेच तर जुलाब होतील. मग मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं की ओलं ठेवाल तर नासणारच, रंग वाळवून वडी करा, आणि पीठ-गूळ सोडून दुसरं काहीतरी घ्या जे किडत नाही. दुसरं काय, ते त्यांनाही चटकन सुचलं नाही. त्यांची विद्या बुरशी वाढवण्याची होती, न वाढवण्याची नव्हती.

घरी आलो तेव्हा ही नळावर बसून बाटल्या धूत होती आणि गावठाणातल्या दूधवाल्या मावशी कासंडी खाली ठेवून तिच्याशी बोलत होत्या. मावशींचं घर पिंपरीतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांची दोन नातवंडं बालवाडीत होती. कोटामुळे त्या मला डाक्तर म्हणत आणि मी कधी सुधारलं नव्हतं. मला बघून त्या म्हणाल्या, "डाक्तर, पिठात रंग कालवत्यात व्हय? पिठाची भाकर करत्यात."

ही हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली असावी, म्हणून मीही हसून घेतलं.

मावशींचं म्हणणं असं की त्यांच्याकडे दाराभोवती गेरूची वेल काढतात, ती बाभळीच्या डिंकात. पाच-पाच वर्षं रंग हालत नाही, आणि नासणं तर कोणी ऐकलेलंही नाही. हिने विचारलं, डिंक कुठे मिळेल. मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग हात वर करून आमच्या रांगेमागच्या माळाकडे दाखवला. शंभर बाभळी होत्या. वर्षभर त्यांचे काटे आम्ही पायांतून काढत होतो आणि कॉलनीत झाड नाही म्हणून कुरकुरत होतो.

"आन् शिशा कशापायी?" मावशी म्हणाल्या. "नदीला शिंपा पडल्यात मायंदाळ. शिंपीत वतायचं, वाळवायचं. पोरगं बोट वलं करील आन् लावील."

दुसऱ्या दिवशी बालवाडी खोलीत भरलीच नाही. ही आणि मावशी चौदा मुलांना घेऊन आधी बाभळींखाली गेल्या. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो, म्हणून मलाही नेलं, उंच फांद्यांसाठी. शास्त्रज्ञ म्हणून कोणी नेलं नाही. खोडांवर तांबूस, पिवळे, पारदर्शक खडे चिकटलेले असतात, ते मुलं बोटांनी सोडवत होती. निम्मा डिंक फडक्यात पडला, निम्मा पोटात गेला. मग पवनेच्या काठाला. पाणी उतरलं होतं, ओल्या रेतीत शिंपा उघड्या पडल्या होत्या, आतून चकचकीत. कशासाठी गोळा करतोय हे मुलांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. मला वाटतं मोठी माणसं शिंपा वेचायला घेऊन आली हेच त्यांना इतकं बरोबर वाटलं की कारण नको होतं.

डिंक रात्रभर भिजला, सकाळी फडक्यातून गाळला. मधासारखा झाला होता. ही पाट्यावर गेरू घोटायला बसली. घोटण्यात तिची जी लय होती ती माझ्या खळ ढवळण्यात कधीच नव्हती. रंग बोटाला लागला की खरखर लागता कामा नये, लागली तर पुन्हा घोटायचं. काजळ पाण्यात मिसळेना, नुसतं वर तरंगत राही. मावशींनी ते आधी थेंबभर डिंकात बोटाने मळलं आणि मग ते मुकाट खाली बसलं. सत्तर शिंपा भरून अंगणात सुपांमध्ये उन्हाला ठेवल्या. कावळ्यांना हाकलायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवसांत रंग शिंपेत घट्ट बसले. ओल्या बोटाने नीळ घासली की कागदावर अशी निळी उमटे की आमच्या लेकीने ते बोट दिवसभर धुऊ दिलं नाही. पिवडीवरून निळीचं बोट फिरवलं की हिरवा होई. तो मी शोधून काढला असं मी अजूनही म्हणतो.

कुंचले शिंदीच्या काडीचे. काडीचं एक टोक दगडाने चेचायचं, तंतू मोकळे झाले की विंचरायचे. खोकी आमच्या खात्यातली, बाद झालेली, वर खाकी कागद. कागद कारखान्यातले रद्दीत निघालेले पाठकोरे तक्ते, बारा बारा शिवून वही केलेली. एक कोळशाची कांडी, एक फडकं. मुलांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक खोक्यावर नावाऐवजी चित्र काढायचं ठरलं आणि ते काम उदार मनाने मला दिलं गेलं. मी पोपट काढला, पतंग काढला, घागर, मासा, बैल काढला. पोपट वांग्यासारखा झाला होता आणि बैल मावशींनी ओळखायला नकार दिला. आदल्या संध्याकाळी चौदा खोकी खाटेवर ओळीने लावली आणि आम्ही तिघं, मी, ही आणि मावशी, चहा घेत नुसते त्यांच्याकडे बघत बसलो. मी बऱ्याच वस्तूंचा हिशेब ठेवलेला माणूस आहे. त्या चौदांइतक्या भरलेल्या वस्तू मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

संक्रांतीला खोली सारवल्यासारखी स्वच्छ, सतरंज्या घातलेल्या. हिने हळदीकुंकू लावून आयांना तिळगूळ दिला आणि मुलांना खोकी. मुलांनी आपापली खोकी बरोबर ओळखली. वांगं म्हणजे पोपट हेही. जेवून सगळे पुन्हा जमले. टाइमकीपर आणि कमिटीची माणसं एका बाजूला, आया दाराशी, मावशी कासंडी घेऊन उंबऱ्यात. ऑफिसरसाहेब आले. सडसडीत, मितभाषी, हातात रजिस्टर. त्यांना खुर्ची दिली. हिने मुलांना सांगितलं, काढा आता.

एकाही मुलाने खोकं उघडलं नाही.

चौदाच्या चौदा मुलं खोकी मांडीवर घेऊन, दोन्ही हात वर ठेवून बसून राहिली. हिने पुन्हा सांगितलं. कोणी हललं नाही. साहेब खुर्चीवरून वाकले आणि समोरच्या मुलाला मायेने म्हणाले, काढ की बाळ काहीतरी. हा मावशींचा धाकटा नातू. त्याने खोकं पोटाशी घेतलं आणि म्हणाला, "संपंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं ते. आमच्या सगळ्यांची घरं अशी की नवी वस्तू आली की ती ट्रंकेत जायची. खोकी घेऊन मुलं घरी गेली तेव्हा प्रत्येक आईने तेच सांगितलं होतं जे मी सकाळी माझ्या लेकीला सांगितलं होतं: जपून हं, लगेच संपवायचं नाही. आमची लेक पहिल्या ओळीत होती. तिने खोक्यावर हातच नाही, हनुवटीही ठेवली होती. हिचं सगळं वर्ष तिथे मांडीवर बंद होऊन बसलं होतं, आणि झाकणावर हात ठेवायला शिकवणारा मी होतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं.

हिच्याकडे पंधरावं खोकं नव्हतं. एक फुटकी शिंप होती, जिच्यात आम्ही गेरू करून बघितला होता. ती तिने खिडकीतून उचलली, काडी पाण्यात बुडवली आणि भिंतीशी गेली. क्वार्टरांच्या भिंती कंपनीने दिवाळीआधीच पांढऱ्या करून दिल्या होत्या आणि खिळा ठोकायचा नाही, काही लिहायचं नाही, असा छापील नियम प्रत्येक दाराआड लावला होता. या खोलीच्या नियमाखाली जबाबदार म्हणून माझी सही होती. हिने खाली वाकून, मुलांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, दारापासून खिडकीपर्यंत एक लांब तांबडी रेघ ओढली. मधे दोनदा काडी बुडवली. मग शिंप मुलांकडे केली. ती रिकामी झाली होती.

"संपला," ती म्हणाली. "संपू दे. डिंक कुठं असतो?"

मुलांनी मागच्या माळाकडे बोट दाखवलं.

"आणि शिंपा?"

"नदीला," सगळी ओरडली.

"मग झालं तर. संपले की परत करू."

कँपातली मुलगी पहिली उठली. तिने काजळाने रेघेवर एक गोल काढला, मग दुसरा, मग वर एक चौकोन, आणि रेघेचे रूळ झाले. ती रोज रूळ ओलांडून येत असे. मावशींच्या नातवाने डब्यात बैल बसवला. तो बैल बैलासारखा होता. मग कोण कुठे उठलं ते कळलं नाही. आया आधी "अगं बाई, भिंत" म्हणत पुढे आल्या आणि आपापल्या पोराच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोणी कारखाना काढला, कोणी त्याचं धुराडं, कोणी नुसती पाच बोटं. आमच्या लेकीने एक माणूस काढला, पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने, त्यामुळे तो कोणालाच दिसला नाही. ते बाबा आहेत असं तिने सांगितलं. अर्ध्या तासात भिंत तीन फुटांपर्यंत भरली. त्याच्या वर कोणाचा हात पोचत नव्हता.

साहेब खुर्ची सोडून भिंतीशी उभे होते. त्यांनी विचारलं, रंग कोणी केले. हिने बेधडक माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी."

खोटं बोलायची इतकी सोय मला पुन्हा कधी मिळाली नाही. पण उंबऱ्यात मावशी होत्या, आणि खोलीत गेरूने माखलेल्या हातांची माझी बायको होती. मी म्हणालो, "नाही साहेब. मी केले होते ते नासले. हे या दोघींनी केले."

साहेबांनी दाराआडचा नियम वाचला. भिंत खराब केल्यास सही करणाऱ्याने ती स्वखर्चाने पांढरी करून द्यावी, असं त्यात होतं. ते मला म्हणाले, वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आधी, मुलांचा हात पोचतो तिथपर्यंत चुना द्या. तोवर राहू द्या. मग रजिस्टर खिडकीत ठेवून त्यांनी लिहिलं की ही खोली बालवाडीकडे राहावी. हिने ते वाचलं, पदराला हात पुसले आणि पुन्हा वाचलं. टाइमकीपर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "राव, मग कॅरमबोर्ड तुमच्या व्हरांड्यात ठेवू का?" हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. पुढे कैक वर्षं आमच्या दारात सोंगट्या वाजत होत्या. जूनमध्ये त्यांनी स्वतःची धाकटी मुलगी बालवाडीत आणून घातली, आणि माळावर डिंक गोळा करायला स्वतः फांद्या वाकवायला आले.

दुसऱ्या संक्रांतीला खोकी बावीस झाली, तिसऱ्या वर्षी तीस. खोक्यांवरची चित्रं माझ्याकडून काढून घेण्यात आली. ती मोठी मुलं काढू लागली. माझ्याकडे भिंत राहिली. आठ वर्षं मी दर पौषात बादलीभर चुना कालवून ती तीन फूट पांढरी केली. कारखान्यात माझ्या हाताखाली चार माणसं आली, मग दहा. आम्ही सगळे मिळून बाटल्या मोजत होतो. कोणी विचारलं काय करता, तर मी सांगू लागलो की आमच्या घरी बालवाडी आहे.

मग कॉलनीत खरी शाळा झाली, बाकं आली, ही तिथे पगारी बाई झाली आणि ती खोली एका नव्या बिऱ्हाडाला मिळाली. पंधरा दिवसांनी त्या गृहस्थांची तक्रार माझ्याकडे आली. भिंतीला चुना नीट बसलेला नाही, खालून तांबडं काहीतरी वर येतं. मी बादली घेऊन गेलो. खरंच होतं. दारापासून खिडकीपर्यंत, गुडघ्याइतक्या उंचीवर. मी एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. दोन्ही हातांतून ती पुसट वर आली. गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. मी त्यांना म्हटलं, याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही; ही रेघ आमच्या मंडळींनी ओढलेली आहे. हे सांगताना माझी मान इतकी ताठ झाली होती की त्यांनी खाट सरकवून त्या भिंतीला लावली.